मदत हवी आहे: कासीत मिस्त्राल (उत्तरेकडून येणारा जोराचा गार वारा) सुटला तर काय करायचं?

मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांसोबत दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेजवळच्या कासी या बंदराच्या गावात दोन रात्री राहणार आहोत. गाडी नाही. आईचे गुडघे दुखतात.

कालांकचा, म्हणजे चुनखडीच्या कड्यांमधल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांचा, बेत असा: बंदरापासून चालत पोर-मिऊ, जमलं तर पुढे पोर-पां, आणि तिथूनच परत. त्यापुढच्या आं-व्हो खाडीची उतरण उभी आहे, चुनखडी पायांनी घासून गुळगुळीत झालेली, त्यामुळे ते नाहीच. वाटेत पाणी मिळत नाही, माणशी २ लिटर सोबत घेऊ.

खरी अडचण वाऱ्याची. सप्टेंबरअखेरपर्यंत वणव्याच्या धोक्यानुसार पायवाटा उघड्या की बंद हे आदल्या संध्याकाळी कळतं. मिस्त्राल जोरात असेल तर बोटीही रद्द होतात, कॅप कनाय या समुद्रकड्यावरचा घाटरस्ताही बंद ठेवतात. म्हणजे पर्यायसुद्धा त्याच दिवशी बुडतो! पोहणंही अवघड, कारण हा वारा वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर समुद्रात ढकलतो आणि खालचं गार पाणी किनाऱ्याला येतं.

अशा दिवसासाठी द्राक्षमळे ठेवलेत. इथली पांढरी वाइन, मार्सान आणि क्लेरेत या द्राक्षांची, बाबांना चाखायचीच आहे. पण तेव्हा तोडणीचे दिवस, म्हणून विचारतो:

बंदरापासून फार चढ न चढता पायी गाठता येईल असा मळा कोणता? तोडणीत चाखायला घेतात का?

स्टेशन गावापासून ३ किमीवर आहे. रविवारी संध्याकाळी बस नक्की मिळते का, की टॅक्सी आधीच सांगून ठेवावी?

बेस्तुआं किनाऱ्यावरच्या गोट्यांवर रबरी चपला पुरतात का?