मदत हवी आहे: आपल्या बेळगावच्या दगडांचा केक करतेय, थर टिकत नाहीत आणि मधला काळ दाखवता येत नाही

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. पाचवी ते सातवीची मिळून ३१ मुलं. मागच्या महिन्यात त्यांना घेऊन गोकाकला गेलो होतो. घटप्रभा भरून वाहत होती, ५२ मीटरवरून पाणी कोसळत होतं आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. सहावीतली एक मुलगी मात्र कड्याकडे तोंड करून उभी. म्हणाली, "बाई, हा दगड वह्या रचल्यासारखा दिसतोय. आमच्या घराचा चिरा तांबडा, आजोळच्या विहिरीतला दगड काळा. मग खाली जमिनीत खरा दगड कुठला?"

इतका चांगला प्रश्न वर्गात फार क्वचित येतो. फळ्यावर थर काढून दाखवले, पण ते रंगीत पट्टेच राहिले. म्हणून ठरवलं, केक करायचा आणि मुलांसमोर उभा कापायचा. श्रावण असल्यामुळे अंडं चालणार नाही.

खालून वर अशी रचना केली आहे. तळाला गोकाकचा करदंट, म्हणजे गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई. कलादगी खडकांच्या, म्हणजे गोकाकचा वालुकाश्म ज्यात येतो त्या जुन्या थरांच्या, तळाशी काही ठिकाणी गोटे घट्ट चिकटून झालेला गुंडाश्म सापडतो, करदंट अगदी तसाच दिसतो. त्यावर रव्याचा केक, म्हणजे गोकाकचा वालुकाश्म. रवा दाताखाली कणीदार लागतो, वाळूचे कण जिभेलाच कळतात. त्यावर चॉकलेट केकचे दोन थर म्हणजे काळा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. दोन लाव्हांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, कारण एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती तयार झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. तिथे स्ट्रॉबेरी जॅम. तिसरा लाव्हा मुलांसमोर ओतायचा, त्यासाठी गनाश, म्हणजे गरम सायीत वितळवलेलं चॉकलेट. आणि सगळ्यात वर जांभा, आपला चिरा.

हे सगळे थर एकाच जागी, एकाखाली एक दिसत नाहीत. वालुकाश्म गोकाक-सौंदत्तीकडे, जांभा आपल्या जांबोटी-खानापूरकडे. ते मुलांना आधी सांगणार आहे.

चॉकलेट केकमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची जाळी. दही-सोड्याचा वायू वर येता येता पिठात अडकतो आणि भोकं पडतात. लाव्ह्यातही वायू असाच वर चढतो आणि थराच्या माथ्यावर अडकतो. वर्गात भोकाभोकांचा एक काळा दगड आहे, काही भोकांत पांढरे स्फटिकही भरलेत. केकचा तुकडा आणि तो दगड शेजारी शेजारी ठेवून भिंग हातात देणार आहे.

आता अडचणी. रविवारी एकदा करून बघितला.

एक, जांभा. साखरेच्या पाकात सोडा घालून जी जाळीदार वडी फुगते, ती हुबेहूब चिऱ्यासारखी दिसते. शिवाय गरम असताना सुरीने सरळ कापली जाते आणि गार झाली की कडक होते. चिराही खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर वाळून टणक होतो, हे इथल्या प्रत्येक पोराने पाहिलंय. रंगासाठी मी गूळ वापरला. तासाभरात वडीला पाणी सुटलं आणि खालचा थर चिकट झाला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, भिंतीसुद्धा ओल्या आहेत.

दोन, गनाश ओतल्यावर केकमध्येच मुरला. थराची रेघच उरली नाही.

तीन, हे मला सगळ्यात जास्त सलतंय. गोकाकचा वालुकाश्म बेसाल्टपेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुना, डायनोसॉर जन्मायच्याही आधीचा. दोघांच्या मध्ये जेवढा काळ गेला, तेवढा पूर्ण बेसाल्ट साचायलाही लागला नाही. पण केकमध्ये तिथे नुसती एक रेघ दिसते. मुलं समजतील, थर जाड म्हणजे काळ जास्त. हा न दिसणारा काळ कसा दाखवू?

शनिवारी सकाळची शाळा आहे. कुकरमध्ये भाजते, शिट्टी आणि रबर काढून, कारण ओव्हनच्या भरवशावर राहिलं की लाईट जाते.

प्रतिसाद (निपाणीहून)

ताई, या हवेत गूळ नको. गुळाला आपसूकच ओल धरते. साखर आणि लिक्विड ग्लुकोज घ्या, रंगाला चमचाभर कोको. पाक चिक्कीच्याही पुढे न्या; थेंब गार पाण्यात टाकला की काचेसारखा तडकला पाहिजे. थर्मामीटर असेल तर १५० अंश. वडीच्या खालच्या बाजूला वितळलेलं चॉकलेट फासा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि कापायच्या पाच मिनिटं आधीच केकवर मांडा. गनाश आधी पातळ लावून अर्धा तास फ्रीजमध्ये बसू द्या, मग दुसरा हात कोमट ओता. मुरणार नाही.

प्रतिसाद (बेळगावहून, निवृत्त भूगोल शिक्षक)

बाई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रव्याच्या केकातच आहे. त्या मधल्या काळात तिथे नुसतं थांबून राहणं नव्हतं, झीज चालू होती. ऊन, पाऊस, नद्या खडक खात होत्या. तर रव्याचा केक सपाट ठेवूच नका. मुलांना चमचे द्या आणि वरून कोरून खाऊ द्या. कुठे खळगा पडेल, कुठे उंचवटा राहील. त्यावर लाव्हा ओतला की तो आधी खळगे भरेल, तसंच घडलं होतं. मग केक कापल्यावर विचारा, "इथला दगड कुठे गेला?"

धागाकर्ती

सर, वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मुलांच्या पोटात गेलेला भाग हाच तो काळ! रव्याचा थर आता दुप्पट जाड करते, ३१ चमचे कोरणार आहेत. मग बेसाल्टचा खालचा थर केकचा न ठेवता गनाशचाच ओतते, म्हणजे खळगे भरताना दिसतील.

निपाणीच्या ताई, वडी आजच करून डब्यात ठेवते, उद्या कळवते. एकच राहिलं. करदंट कापताना सुरी अडकते आणि वरचे थर हलतात. तो आधीच कापून फरशीसारखा जुळवून मांडला तर चालेल का, की तूप लावून अखंडच ठेवू?