दहावीला ८१ टक्के, आणि भाचा म्हणतो आयटीआयच करणार

नालासोपाऱ्याचा मामा
नमस्कार मंडळी. भाचा हर्णैजवळच्या वाडीत राहतो. भावजींची एक छोटी होडी आहे, घरचं जेमतेम. पोराला दहावीला ८१ टक्के मिळाले. आम्ही सगळे धरून बसलो होतो की आता सायन्स, मग इंजिनिअरिंग. तर हा म्हणतो, आयटीआयला इलेक्ट्रिशियन नाहीतर डिझेल मेकॅनिक. बहीण रडायची बाकी राहिली आहे. "एवढे मार्क पाडून शेवटी पानाच धरायचा?" असं तिचं म्हणणं. मी मुंबईत, तिथलं मला काही कळत नाही. गावाकडच्या कुणी खरं काय ते सांगाल का? फॉर्म भरायची तारीख जवळ आली आहे.

खाडीपलीकडे
सायन्सलाच घाला. ८१ टक्क्यांना आयटीआय म्हणजे हापूसचं लोणचं घालण्यासारखं आहे.

पडवीतला वायरमन
मामा, मी २००६ चा इलेक्ट्रिशियन. दापोली तालुक्यातच, रस्त्याला लागून माझं दुकान आहे, मागच्या पडवीत पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळतो. वरच्या दादांची लोणच्याची गोष्ट छान आहे, पण त्यांच्या घरचा पंप बंद पडला की ते कुणाला फोन करतात तेही विचारा.

आधी भीती घालवतो. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा ट्रेड. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. राज्य मंडळाचे भाषा विषय दिले तर बारावीची समकक्षताही मिळते. म्हणजे दार बंद होत नाही, फक्त मागच्या अंगणातून आत जायचं. महावितरणच्या विद्युत सहाय्यकाच्या जाहिरातीतही आयटीआयचं हेच सर्टिफिकेट मागतात.

आता खरं सांगतो. पहिले काही आठवडे वीज दिसतसुद्धा नाही. शेगड्यात आवळलेला लोखंडाचा तुकडा, हातात घासायची कानस, आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचं की उजेड जातो का. माझ्या अंगठ्याची साल निघाली होती. मग तारांचे जॉइंट. आमच्या सरांनी ब्रिटानिया जॉइंट किती वेळा उसवायला लावला याची गणती नाही. दोन जाड तारा शेजारी ठेवायच्या, टोकं वर वळवायची आणि बारीक तारेने एकाला एक चिकटून वेढे घालायचे. दोन वेढ्यांत नखाएवढी फट दिसली की सर पक्कड काढून परत उसवायचे. तेव्हा शिव्या दिल्या, मनातल्या मनात.

त्या फटीची किंमत मला २०२० ला कळली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या वाडीत माड, पोफळी, आंबा सगळं एकावर एक आडवं. खांब शेतात पडलेले, तारा गवतात. बाहेरच्या जिल्ह्यांतून महावितरणच्या टोळ्या आल्या, बिचारे मेहनती होते, पण त्यांना कुठल्या बांबूच्या बेटातून लाईन गेली आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कुठल्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे आहे हे काय ठाऊक? आम्ही माझ्या बॅचचे चारजण त्यांच्यासोबत फिरलो. एकजण तर लोटे एमआयडीसीतून बाईकवर आला, वाटेत तीनदा झाडं तोडत. आणि वीज यायच्या आधी घरोघर जाऊन मेन स्विच पाडून ठेवले, भिजलेल्या भिंतीतली वायरिंग मेगरने, म्हणजे करंट गळतो का ते दाखवणाऱ्या मीटरने, तपासली. एका म्हातारीच्या घरी तर ओल्या भिंतीत करंट उतरला असता. ती अजून भेटली की फणस देते, मी नको म्हणतो, ती देतेच.

आयटीआयमुळे गावाला काय मिळतं, तर जवळचा माणूस. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात भाजल्यासारखी कोरडी पडते, अर्थिंग धरत नाही. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून एप्रिल-मेत पाणी ओतायला लागतं. खाऱ्या हवेत स्विचचे पॉइंट हिरवे पडतात. पुस्तकात एक ओळ असते, इथे रोजचं काम असतं.

एक मात्र सांभाळा. आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यातली उमेदवारी, कुठे करतो ते नीट बघा. मला एका कारखान्यात वर्षभर माल उचलायला आणि शेड झाडायला ठेवलं. वायर हातात आली ती शेवटच्या महिन्यात. त्या वर्षात मी काहीच शिकलो नाही, हे लिहून घ्या. एसटी, महावितरण, मुंबईत माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड इथे अप्रेंटिस घेतात, जाहिरातीवर लक्ष ठेवायचं.

सुपारीबाग
माझी मुलगी फिटरला आहे. कारखान्यात जाणार की नाही देव जाणे, पण घरच्या कडी-कोयंड्याला आता कोणी सुतार बोलवत नाही. एकच त्रास, सकाळची एसटी. चुकली की दिवस गेला. पावसात तर आम्ही पाच वाजताच उठतो. घरापासून अंतर बघून ठरवा हो मामा.

नालासोपाऱ्याचा मामा
सगळ्यांचे आभार. बहिणीला वाचून दाखवलं. अंगठ्याची साल ऐकून ती हसली, पहिल्यांदाच. पण भावजी म्हणतात डिझेलच कर, होडीचं इंजिन आपल्याच घरात दुरुस्त होईल.

पडवीतला वायरमन
भावजींचं बरोबर आहे हो, पण इंजिन तो त्यांच्याकडूनच शिकेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा बंदरावर प्रत्येक इंजिन खोललेलं असतं. पोराला तिथे पाना द्यायला बसवा, फुकटचं शिक्षण आहे. डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा ट्रेड. डिप्लोमाचं दार मी सांगितलं ते दोन वर्षांवाल्यांना. म्हणून मी इलेक्ट्रिशियन म्हणेन. शेवटी फॉर्मवर नाव पोराचंच, त्याला काय हवंय तेही एकदा विचारा.

रविवारी दुकान बंद असतं, पण मी पडवीत असतो. एक जळालेली मोटार ठेवली आहे, त्याच्याकडून वाइंडिंग सोडवून घेतो. तीन तास कंटाळला नाही तर भराच फॉर्म. बूट घालून येऊ दे, चपलेत बसू देणार नाही.