शब्दचर्चा : निर्बंध, बंदी, नाकेबंदी, बहिष्कार – कुठे कोणता शब्द?

अभ्यासिका_लातूर

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी परराष्ट्र व्यवहारातल्या शब्दांचं टाचण करायलोय. वर्तमानपत्रं एकाच बातमीत निर्बंध, बंदी, नाकेबंदी, बहिष्कार आणि कोंडी हे पाचही शब्द आलटूनपालटून वापरतात. मुलंही मग उत्तरात तेच लिहितात. शत्रुत्वाने वागणाऱ्या देशाविरुद्ध एखादं लोकशाही सरकार नेमकं कोणतं पाऊल उचलतं, त्यानुसार शब्द वेगळा हवा ना? तारखेसह उदाहरणं दिली तर फार बरं होईल.

बालाघाट

सर, तुमच्या यादीतले दोन शब्द आधी वेगळे काढा : निर्बंध आणि नाकेबंदी. यांत गल्लत झाली की शांतता आणि युद्ध यांतली रेघच पुसली जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतली दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. कलम 41 मध्ये सैन्य न वापरता करायचे उपाय आहेत : आर्थिक संबंध पूर्णतः किंवा अंशतः थांबवणं, रेल्वे, समुद्र, हवाई, टपाल, तार, रेडिओ ही दळणवळणाची साधनं तोडणं, राजनैतिक संबंध तोडणं. हे निर्बंध. कलम 42 मध्ये हवाई, नौदल आणि भूदलाच्या कारवाया येतात, आणि नाकेबंदी हा शब्द तिथे आहे. 14 डिसेंबर 1974 च्या महासभेच्या 3314 क्रमांकाच्या ठरावात तर दुसऱ्या देशाच्या बंदरांची किंवा किनाऱ्याची सशस्त्र दलांनी केलेली नाकेबंदी आक्रमणाच्या व्याख्येतच धरली आहे. थोडक्यात, निर्बंधात आपण आपलं दार लावतो. नाकेबंदीत दुसऱ्याच्या दारात आपली युद्धनौका उभी राहते आणि तिसऱ्या देशाचं जहाजही अडवते.

नाकेबंदी नुसती जाहीर करून भागत नाही. 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यापासून नियम आहे की ती प्रत्यक्षात अमलात आणण्याइतकं बळ तिथे तैनात हवं, नाहीतर ती कायद्याने बंधनकारक नाही. शिवाय ती सुरू होण्याची तारीख आणि तिची हद्द जाहीर करावी लागते, तटस्थ जहाजांना बाहेर पडायला मुदत द्यावी लागते, आणि ती सर्व देशांच्या जहाजांना सारखी लागू करावी लागते.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 1962 मध्ये नाकेबंदीचा शब्द मुद्दाम टाळला तो याच कारणाने. 24 ऑक्टोबरपासून क्यूबाभोवती अमेरिकी नौदल उभं राहिलं, पण त्याला त्यांनी 'क्वारंटाइन' म्हटलं, आणि अडवायची होती ती क्यूबाला जाणारी फक्त सोव्हिएत आक्रमक शस्त्रसामग्री. अन्न आणि इंधन त्यातून वगळलं होतं. मराठीत त्याला सरसकट 'क्यूबाची नाकेबंदी' लिहितात. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण काम नाकेबंदीचंच होतं. पण केनेडींनी वेगळा शब्द का निवडला ते मुलांना कळलंच पाहिजे. सोव्हिएत संघाला युद्धाची घोषणा न मानता माघार घ्यायला जागा त्या शब्दाने ठेवली.

वैजापूरकर

बालाघाट यांचं म्हणणं मान्य. पण 'कोंडी' आणि 'रसद तोडणे' हे शब्द यादीतून काढू नका. ते आपल्याच मुलखात घासून तयार झालेले आहेत.

फेब्रुवारी 1728 मधलं पालखेड बघा, आमच्या वैजापूर तालुक्यातलं. बाजीरावांनी निजामाला समोरासमोरची मोठी लढाई दिलीच नाही. त्याला धावायला लावलं, त्याचा जड तोफखाना मागे राहिला, मग पाण्यापासून तोडून, रसद मारून चहूबाजूंनी घेरलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा शाहू महाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला. कोंडी म्हणजे ही : शत्रूला नष्ट न करता त्याच्यापुढे तह सोडून दुसरी वाटच उरू नये. म्हणून ज्या दबावाच्या शेवटी बोलणी अपेक्षित आहेत त्याला 'कोंडी' म्हणा. बोलण्यांचा हेतूच नसेल तर तो वेढा. वर्तमानपत्रं 'इराणची कोंडी' लिहितात तेव्हा कोणत्या तहासाठी, हे त्याच बातमीत यायला हवं.

गोदाकाठ

बंदी : एखाद्या ठरावीक गोष्टीला मनाई. निर्बंध हा मोठा संच, बंदी त्यातला एक तुकडा. शस्त्रबंदी, आयातबंदी, प्रवासबंदी.

भारताचं ताजं उदाहरण उपयोगी पडेल. पुलवामानंतर 15 फेब्रुवारी 2019 ला भारताने पाकिस्तानचा 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्र' (म्हणजे जकातीत इतर देशांइतकीच सवलत) हा 1996 मध्ये दिलेला दर्जा काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथून येणाऱ्या मालावर 200 टक्के सीमाशुल्क लावलं. ही बंदी नव्हती. माल आणता येत होता, परवडत नव्हता. पहलगामच्या हल्ल्यानंतर 2 मे 2025 ला विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली, ती मात्र बंदी. तिची शब्दयोजना वाचण्यासारखी आहे : पाकिस्तानात उत्पादित झालेल्या किंवा तिथून निर्यात झालेल्या मालाची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आयात आणि भारतातून वाहतूक.

'अप्रत्यक्ष' हा शब्द का घालावा लागला? कारण माल दुबईला उतरतो, कंटेनर बदलतो, मूळ-देशाचा दाखला बदलतो आणि तीच खारीक दुसऱ्या देशाची होऊन न्हावा शेवाला येते. अशा खेपा महसूल गुप्तचर संचालनालयाने 2025 मध्ये पकडल्या आहेत. उपासाच्या सैंधवाचंही तेच : खडा बघून तो पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतला की कुठला, हे किराणा दुकानात कळत नाही. म्हणून बंदी लिहिताना माल 'कुठून आला' एवढंच लिहिणं अपुरं, 'कुठे तयार झाला' हेही लागतं. टाचणात ही दोन अंगं वेगळी दाखवा.

अभ्यासिका_लातूर

फार उपयोगी, गोदाकाठ ताई. बहिष्काराचं काय? आणि 'मालमत्ता गोठवली' व 'जप्त केली' हे एकच का?

गोदाकाठ

बहिष्कार लोक घालतात, सरकार नाही. माणसं स्वेच्छेने एखादा माल घेत नाहीत, तो बहिष्कार. सरकारने अधिसूचना काढली की ती बंदी. दक्षिण आफ्रिकेशी भारताने 1946 मध्ये व्यापार तोडला, त्याला बरेच लेखक 'बहिष्कार' म्हणतात. तो सरकारी निर्णय होता, म्हणून 'व्यापारबंदी' म्हणा. सुरक्षा परिषदेची सक्तीची शस्त्रबंदी त्यानंतर 31 वर्षांनी, 4 नोव्हेंबर 1977 ला आली, हेही मुलांना सांगा. 'वाळीत टाकणे' मात्र टाळा. त्या शब्दाला जातपंचायतीचा वास आहे आणि आपल्या राज्यात तो गुन्हा आहे.

तहसील_कट्टा

गोठवणे आणि जप्ती यांवर मी लिहितो, महसुली भाषेत हा भेद जुना आहे.

गोठवणे : मालकी त्याचीच, वापर बंद. जप्ती : ताबा सरकारकडे, मालकीचा निकाल बाकी. सरकारजमा : मालकीच गेली. वसुलीची जप्ती आलेल्या शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. बाकी भरली की जप्ती उठते, सरकारजमा झालेलं परत येत नाही. इंग्रजी बातमीचं भाषांतर करताना मात्र तिन्हींना 'जप्त' लिहून टाकतात.

रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी पाश्चात्त्य देशांनी 2022 मध्ये गोठवली, तिचा मोठा भाग बेल्जियममधल्या युरोक्लिअर या संस्थेत अडकला. तो पैसा 'जप्त करून युक्रेनला दिला' असं मराठीत सर्रास आलं. 2024 मध्ये युरोपीय संघाने युक्रेनकडे वळवला तो त्या ठेवींवर युरोक्लिअरला मिळणारा जादा नफा. मुद्दलाला हात लावला नव्हता. हा संकोच भित्रेपणाचा नव्हे. सार्वभौम देशाची गंगाजळी सरकारजमा केली की उद्या कोणताही देश आपला पैसा तिथे ठेवताना विचार करील, आणि तहाच्या वेळी देवघेवीला हातात काही उरणार नाही.

आपल्याकडचा चौथा प्रकार म्हणजे 'निहित होणे'. 1968 च्या शत्रू संपत्ती कायद्याखाली पाकिस्तान आणि चीनच्या नागरिकत्वात गेलेल्यांची मालमत्ता सरकारने नेमलेल्या अभिरक्षकाकडे निहित होते, म्हणजे कायद्यानेच त्याच्याकडे जाते. 2017 च्या दुरुस्तीने वारसांचा हक्कही संपवला. वारस भारतीय नागरिक असला तरी. ही दुरुस्ती कडक आहे, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त, कारण इथे किंमत शत्रू सरकार मोजत नाही, इथला नागरिक मोजतो.

आणि एक सूचना. निर्बंधाला इंग्रजीत 'सँक्शन' म्हणतात, पण त्याच शब्दाचा कचेरीतला अर्थ मंजुरी, 'कर्ज सँक्शन झालं' मधला. भाषांतर यंत्रावर सोडलं की 'अमेरिकेने इराणला मंजुरी दिली' असं उलटं वाक्य बाहेर येतं. तपासून घ्या.

अभ्यासिका_लातूर

सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन, जवळ आला की 1948 च्या हैदराबादवरच्या कारवाईसाठी 'पोलीस ॲक्शन' हा शब्द येतोच. तो या यादीत कुठे बसतो?

गोदाकाठ

हैदराबाद परराष्ट्र नव्हतं, तसं ते स्वतःला म्हणवत होतं. सगळा झगडा त्याच दाव्याचा. म्हणून उदाहरण घ्या, पण शेजारच्या रकान्यात.

29 नोव्हेंबर 1947 ला एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. पुढच्या महिन्यांत निजाम सरकारने भारतावर आर्थिक नाकेबंदीचा आरोप केला, भारत सरकारने तो नाकारला. नाकेबंदी कबूल केली असती तर समोर परका देश आहे हेच कबूल केल्यासारखं झालं असतं. दुसरीकडे सरहद्दीवरच्या कॅम्पांतले आपले कार्यकर्ते निजामाच्या करोडगिरी (जकात) नाक्यांवर हल्ले करत होते. 'नाकेबंदी'तला नाका मराठवाड्याने असा पाहिला आहे. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, 16 ला परिषदेत चर्चा झाली, 17 ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. रणगाडे घेऊन मेजर जनरल चौधरींच्या हाताखाली झालेल्या लष्करी मोहिमेला 'पोलीस' म्हणायचं कारण एकच : हा देशांतर्गत मामला आहे हे जगाला सांगणं. तो दावा योग्य होता. रझाकारांचे अत्याचार थांबवणंही योग्य होतं.

पण शब्द मवाळ ठेवला की त्याखाली काय झालं ते दिसेनासं होतं, हेही लिहा. कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सामान्य मुसलमानांच्या कत्तली झाल्या. सरकारने नेमलेल्या सुंदरलाल समितीने त्यांची नोंद केली आणि तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. टाचणात 'पोलीस ॲक्शन'समोर 'लष्करी कारवाईचं राजकीय नाव' एवढं तरी टाका.

वैजापूरकर

दोन शब्द राहिले. 'डिटरन्स'ला 'प्रतिबंध' लिहायलेत, ते साफ चूक. प्रतिबंध म्हणजे रोखणं, तो हाताने होतो. डिटरन्स समोरच्याच्या मनात होतो. त्याला आपला शब्द आहे : वचक. वचक बसायला तीन गोष्टी लागतात. मारण्याची ताकद, ती वापरण्याची तयारी, आणि या दोन्हींची समोरच्याला पक्की खबर. तिसरी नसली की पहिल्या दोन वाया जातात.

दुसरा 'अपीजमेंट'. मराठीत 'लांगूलचालन' लिहितात, ती शिवी झाली, व्याख्या नव्हे. 'तुष्टीकरण' घरच्या राजकारणाने खाल्लं. मी 'मागणी पुरवून शांत करणे' असं सरळ लिहीन. 30 सप्टेंबर 1938 ला म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने हिटलरला सुडेटेनलँड दिलं, ज्याचा मुलूख तो चेकोस्लोव्हाकिया बैठकीत नव्हता. मार्च 1939 मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये होत्या. सुडेटेनच्या डोंगरातली तटबंदी मागणीबरोबरच गेली होती, म्हणून दुसऱ्यांदा अडवायला काही उरलं नाही. मागणी पुरवण्यातला धोका इथे असतो : दिलेल्या वस्तूत उद्याचं संरक्षण होतं का, हे पाहिलं जात नाही.

बालाघाट

वैजापूरकर दादा, 'वचक' घेतो. त्याला जोडून अर्धवट निर्बंधांचं उदाहरण द्या. नोव्हेंबर 1935 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध लावले, ॲबिसिनियावरच्या (आजच्या इथिओपियावरच्या) स्वारीसाठी. तेल यादीत घेतलं नाही, सुएझ कालवा बंद केला नाही. फौजेला लागतं ते चालूच राहिलं, जुलै 1936 मध्ये निर्बंध उठले. इराकमध्ये उलटी चूक : सुरक्षा परिषदेच्या ऑगस्ट 1990 च्या 661 क्रमांकाच्या ठरावाने जवळजवळ सगळा व्यापार थांबवला, सद्दामची राजवट टिकली आणि झळ सामान्य घरांना लागली. शेवटी 1995 मध्ये तेलाच्या बदल्यात अन्नाची योजना आणावी लागली. त्यानंतर नावं घालून निर्बंध लावण्याकडे कल गेला. 1 मे 2019 ला जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचं नाव सुरक्षा परिषदेच्या 1267 समितीच्या (दहशतवाद्यांवर निर्बंध लावणाऱ्या समितीच्या) यादीत आलं, त्याचे तीन परिणाम : मालमत्ता गोठवणं, प्रवासबंदी, शस्त्रबंदी. भारतात असे निर्णय अमलात येतात ते बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम 51 क खाली.

निर्बंध संपण्याचे शब्दही टाचणात हवेत : शिथिल करणे, उठवणे, स्थगित ठेवणे, रद्द करणे. 23 एप्रिल 2025 ला भारताने सिंधू पाणी करार 'स्थगित' ठेवला. 'रद्द' लिहिणारी वर्तमानपत्रं चुकली. 1960 च्या त्या करारात एकतर्फी बाहेर पडण्याचं कलमच नाही. दोन्ही सरकारांनी नवा करार करून तो संपवला तरच संपतो. स्थगितीबरोबर अट सांगितली गेली, सीमापार दहशतवादाला पाठिंबा विश्वासार्हपणे थांबवणं. अट सांगितली की समोरच्याला काय केल्यावर पाणी सोडवता येईल ते कळतं.

अभ्यासिका_लातूर

शेवटची शंका. उच्चायुक्त परत बोलावले की संबंध तुटले का?

तहसील_कट्टा

नाही. ऑगस्ट 2019 पासून दिल्ली आणि इस्लामाबाद दोन्हीकडे उच्चायुक्त नाहीत, प्रभारी अधिकारी आहेत, कचेऱ्या चालू आहेत. एप्रिल 2025 मध्ये कर्मचाऱ्यांची संख्या 55 वरून 30 वर आणली आणि संरक्षण सल्लागारांना 'अस्वीकार्य व्यक्ती' ठरवलं. 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 9 प्रमाणे त्याचं कारण द्यावं लागत नाही. क्रम असा लिहा : निषेध नोंदवणं, सल्लामसलतीसाठी बोलावणं, दर्जा उतरवणं, संबंध तोडणं. शेवटच्या पायरीवरही कलम 45 लागू राहतं, म्हणजे त्या देशाची कचेरी आणि दप्तर यांचं रक्षण यजमान देशानेच करायचं, युद्ध सुरू असलं तरी.