ट्रस्टची लहान आयटीआय : कमी मालात हात कसा बसवायचा? (अनुभव धागा)

दोन-तीन ट्रेड, मोजकी पोरं आणि ट्रस्टचा तुटपुंजा पैसा. देणगीत जुनं मशीन मिळून जातं, पण लोखंडी बार, वाळू, वेल्डिंगचे इलेक्ट्रोड दर बॅचला विकतच आणावे लागतात. कोल्हापूर परिसरात शिकवणाऱ्यांनी लिहा : माल कुठं वाया जातो आणि का? आत्मचरित्र नको, कामाचं सांगा.

टर्नर
देणगीचा लेथ (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, फिरवून कातायचं मशीन) रंग बघून घेऊ नका. बेड (ज्यावरून टूल सरकतं तो पाया) चकजवळच (जॉब पकडणाऱ्या जबड्याजवळ) जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथंच होतं. १५० मिमीचा बार चक आणि टेलस्टॉक सेंटर (समोरच्या टोकाचा आधार) यांच्यामध्ये धरून हलका कट घ्या, दोन्ही टोकं मायक्रोमीटरनं मोजा. टेलस्टॉककडचं टोक जाड निघालं तर टेलस्टॉक आपल्या बाजूला सरकवायचा. त्यानंतरही मधेच माप बदलत असेल तर बेड गेलाय, नम्रपणे नको म्हणा.
पोरांची चूक ठरलेली. कट जास्त लागला की टूल पुढं-मागं करायची डायल तेवढीच उलटी फिरवतात. स्क्रू-नटात ढिलाई असते, टूल जागचं हलतच नाही आणि जॉब अंडरसाइझ होतो. अर्धा फेरा मागे घ्या, मग पुढून मापावर या. दुसरं, डायल त्रिज्या दाखवते की व्यास, हे पहिल्या दिवशीच मशीनवर खडूनं लिहा. त्रिज्येच्या डायलवर ०.५ दिलं की व्यास १ मिमीनं उतरतो. बिघडलेला ३२ मिमी व्यासाचा जॉब भंगारात टाकू नका, २५ च्या सरावाला चालतो.

फौंड्री
साच्याची वाळू आणि बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) आधी कोरडं मिसळा, पाणी नंतर. ओलावा साधारण ३ ते ४ टक्के. मीटर नसला तर मूठ आवळा : बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, गोळा मोडला की कडा धारदार राहिल्या पाहिजेत, तळहात चिखलाळ नको. पावसाळ्यात उघड्यावरची वाळू आधीच ओली असते, तरी पोरं उन्हाळ्याच्या अंदाजानं पाणी ओततात. मग कास्टिंगला ब्लोहोल (वायूनं पडलेली पोकळी).

वेल्डर
७०१८ नंबरचा रॉड (वेल्डिंगचा इलेक्ट्रोड) ३०० ते ३५० अंश सेल्सिअसवर तास-दोन तास भाजून वापरा, नाहीतर बीडमध्ये (वेल्डिंगच्या पट्टीत) छिद्रं, शिवाय तडा जाण्याची भीती. ६०१३ ला एवढं तापवू नका, कोटिंग बिघडतं. सरावाला ६०१३ पुरे.

कार्यालय
दहावीच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव प्रवेशाच्या दिवशीच अक्षर-अक्षर ताडून बघा. 'पाटील'चं स्पेलिंगसुद्धा दोन तऱ्हेचं सापडतं, आणि ते कळतं ॲप्रेंटिसशिपच्या (कारखान्यातल्या उमेदवारीच्या) नोंदणीला. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. राधानगरी-भुदरगडकडच्या पोरांची एसटी चुकली की पहिला तास गेलाच, म्हणून प्रॅक्टिकल पहिल्या तासाला ठेवू नका.
आणखी एक : ३० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लहान वर्कशॉपवाल्यांना हे सांगावं लागतं, आपणहून विचारायला कोण येतंय!