सरकार बंद असताना झाडू कोणी मारला? तुमचे अनुभव सांगा

ओसरी (मेरीलँड)

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५. खर्चाची मंजुरी काँग्रेसमध्ये (म्हणजे इथल्या संसदेत) अडली आणि अमेरिकेचं केंद्र सरकार ४३ दिवस बंद होतं. यालाच शटडाऊन म्हणतात. त्याआधीचा विक्रम २०१८-१९ च्या हिवाळ्यातला, ३५ दिवसांचा. दोन्ही वेळी चर्चा झाली ती काँग्रेसची, अडकलेल्या पगारांची आणि विमानतळांवरच्या गोंधळाची. पार्कातल्या कचऱ्याबद्दल कोण बोलणार?

१९९५-९६ आणि २०१३ च्या शटडाऊनमध्ये नॅशनल पार्कांना सरळ टाळं लागलं होतं. २०१८ पासून नवी तऱ्हा आली: फाटक उघडं ठेवायचं आणि माणसं घरी पाठवायची. लोक येणार, खाणार, टाकणार. उचलणारं कोणी नाही. आपल्यातले बरेच जण तेव्हा हातमोजे चढवून बाहेर पडले होते, हे अधूनमधून गप्पांत कळतं. म्हणून विचारते. ऐकीव नको, स्वतःचं सांगा. नुसता फोटो काढून परत आला असाल तरी चालेल, पण काय उचललं तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. ऑक्टोबरात आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियनची म्युझियम्स दाखवायची होती, तीही केंद्राच्या पैशावर चालणारी, म्हणून १२ तारखेपासून बंद. मग पोटोमॅककाठच्या एका पायवाटेवर न्यायला लागले. जमीन केंद्राची, त्यामुळे पार्किंगच्या कडेला कॉफीचे कप आणि पिझ्झाची खोकी साठलेली. बाबा निवृत्त शिक्षक. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं, दुसऱ्या दिवशी घरातली किराण्याची पिशवी खिशात घालून आले. "अगं, पण सरकारला सुट्टी कशी असते?" हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आपल्याकडे अंदाजपत्रक वेळेत मंजूर होणार नसेल तर लोकसभा लेखानुदान देते आणि गाडा चालू राहतो. इथे तशी तात्पुरती मंजुरीसुद्धा अडली की कुलूप.

बाभूळबन (रेडलँड्स, कॅलिफोर्निया)

जोशुआ ट्री नॅशनल पार्क आमच्यापासून तास-सव्वा तासावर. वाळवंट असल्यामुळे हिवाळा हाच तिथला सीझन. २०१८ मध्ये २२ डिसेंबरला सरकार बंद झालं, म्हणजे ऐन नाताळात. फाटकावर तिकीट घ्यायला कोणी नाही, सगळं फुकट. मग काय, जत्राच.

तिथल्या संडासांना पाणी नाही, फ्लश नाही. खाली टाकी, ती ट्रक येऊन उपसतो. उपसणारा आला नाही तर वरून कितीही घासा, टाकी भरतच राहणार. गावातले क्लाइंबिंग शिकवणारे गाइड, दुकानदार आणि पार्कच्या मित्रमंडळातल्या लोकांनी कागदाचे रोल, जंतुनाशक, काळ्या पिशव्या गोळा केल्या होत्या. आम्ही जायचो, सामान घ्यायचो, वाटून दिलेल्या भागात कामाला लागायचो. आमच्या भागातल्या संडासात रोल लोखंडी दांडीवर कुलपात अडकवलेले आणि किल्ली अर्थातच रेंजरकडे. नवऱ्याने सुतळी ओवून रोल दाराच्या कडीला टांगले. दिसायला लग्नघरातल्या तोरणासारखे, पण काम झालं.

संडासाची किळस पहिल्या अर्ध्या तासात जाते. खरा वैताग वाऱ्याने उडालेल्या टिश्यूचा. वाळवंटात काही लवकर कुजत नाही. क्रिओसोटच्या झुडपांत पांढऱ्या चिंध्या अडकलेल्या. लांब चिमट्याने एकेक ओढायची, तर थंडीने चिमट्याचं रबर कडक झालेलं. कागद निसटतो, फाटतो, निम्मा काट्यात राहतो. शेवटी मी चिमटा ठेवून दिला आणि हातानेच काढायला लागले.

एवढं करूनही २ जानेवारीला कॅम्पग्राउंड बंद करावे लागले, टाक्या भरत आल्या म्हणून. कोणी गाड्या रस्ता सोडून आत घातल्या, कोणी जोशुआची झाडं तोडली. ते झाड वर्षाला इंच-दोन इंच वाढतं. त्याच्यापुढे आमची पिशवी आणि झाडू काय कामाचे? १० तारखेला अख्खा पार्क बंद होणार असं जाहीर झालं होतं, ते टळलं तेही आमच्यामुळे नाही. आधी जमा झालेल्या प्रवेश शुल्काचा पैसा वापरून पार्कने काही कर्मचारी परत कामावर आणले, म्हणून टळलं.

खारा_वारा (सॅन फ्रान्सिस्को)

ओशन बीच (हाही केंद्राच्या ताब्यातला किनारा), जानेवारी २०१९. लोक शेकोटीत मालाची लाकडी पॅलेट जाळतात. लाकूड जळतं, खिळे वाळूत राहतात. तिथे अनवाणी पोरं पळतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने काठीला मोठं लोहचुंबक बांधून आणलं होतं. राखेतून एकदा फिरवलं की साळिंदर तयार. प्लास्टिक उचलायला बरेच जण होते, खिळ्यांच्या नादाला आम्ही दोघंतिघंच.

घाटमाथा (फिलाडेल्फिया)

त्याच जानेवारीत माझा वाटा फार छोटा. इंडिपेंडन्स हॉलसमोरच्या मैदानातून चाललो होतो, तर अहमदिया मुस्लिम युवक संघटनेची पोरं पिशव्या घेऊन कचरा वेचत होती. एवरग्लेड्स आणि जोशुआ ट्रीतही त्यांच्या तुकड्या गेल्या होत्या, ते नंतर बातमीत वाचलं. एकाने न बोलता जास्तीचे हातमोजे पुढे केले. नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. ऑफिसात तासभर उशिरा पोचलो.

कलमदान (व्हर्जिनिया)

एक कायद्याची गंमत. १८८४ चा कायदा आहे (आज अँटिडेफिशियन्सी ॲक्ट म्हणतात तो). वेगळ्या कायद्याने परवानगी नसेल तर केंद्राच्या कोणत्याही खात्याला स्वेच्छेने दिलेली सेवा स्वीकारायलाच बंदी. जीव किंवा मालमत्ता धोक्यात असेल तर अपवाद. कारण असं की तेव्हा काही खाती पैसा संपला की कारकुनांना "स्वेच्छेने" जास्त काम करायला लावत, आणि मग त्याच्या मोबदल्याचे दावे काँग्रेसपुढे येत. म्हणून पार्कात वर्षभर ओळखपत्र लावून काम करणारे अधिकृत स्वयंसेवकही शटडाऊनमध्ये घरी बसतात. २०१३ मध्ये साउथ कॅरोलिनाहून आलेल्या एका माणसाने लिंकन स्मारकाजवळचं गवत स्वतःचं यंत्र आणून कापलं, तर पार्क पोलिसांनी त्याला थांबवलं. तुम्ही पिशवी घेऊन जाता ते एक नागरिक म्हणून. सरकारने तुम्हाला बोलावलेलं नसतं आणि ते बोलावूही शकत नाही.

दुपारपाळी (मेरीलँड)

मी जरा वाकडं बोलणार आहे. माझा नवरा केंद्राच्या नोकरीत, "अत्यावश्यक" वर्गात. दोन्ही मोठ्या शटडाऊनमध्ये बिनपगारी रोज कामावर गेला. मागचा पगार नंतर मिळाला. २०१९ मध्ये तसा कायदाच झाला. पण त्याच्या इमारतीत झाडलोट करणारी बाई कंत्राटदाराची माणूस. तिचे ते दिवस बुडाले ते बुडालेच. सरकार उघडलं म्हणून कोणी तिला मागचा पगार मोजून देत नाही.

त्यामुळे टीव्हीवर हसतमुख स्वयंसेवक दिसले की माझ्या कपाळावर आठी येते. बाभूळबन, तुझ्यावर राग नाही, तू घाण काढलीस. पण फाटक उघडं ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांना तुझी सुतळी आयतीच मिळाली. टाक्या तुंबल्याची बातमी झाली तेव्हाच त्यांना पैसा सापडला ना?

बाभूळबन

दुपारपाळी, यावर आमच्या गाडीत परतीच्या वाटेवर रोज भांडण व्हायचं. नवरा तुझ्या बाजूचा. माझं म्हणणं एवढंच की तुंबलेल्या संडासाबाहेर लहान मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला मी धोरण समजावत बसू का? दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही मंडळाला पैसेच पाठवले, आणि तेव्हाही भांडलोच.

ओसरी

दुपारपाळी, त्या बाईंचं पुढे काय झालं?

दुपारपाळी

नवऱ्याच्या मजल्यावरच्या लोकांनी तिच्या एका महिन्याच्या भाड्यापुरते पैसे जमवले. ज्यांनी दिले त्यांचाही पगार अडकलेलाच होता. मग तिने दुसरीकडे काम धरलं. आता तिच्या जागी नवा मुलगा येतो.

निवांत_नारळ (सॅन होजे)

माझा अनुभव उलटा. पॉइंट रेयिसला (हाही केंद्राचाच किनारा) ड्रेक्स बीच आहे. एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य समुद्री प्राणी) तिथे चढायला लागले की एरवी कर्मचारी ताडपत्र्या हलवून त्यांना हुसकावतात. २०१९ च्या जानेवारीत ताडपत्री हलवायला कोणी नव्हतं. वादळात त्यांचा नेहमीचा किनारा पाण्याखाली गेला, तशा माद्या इथे आल्या आणि व्यायल्या. सरकार उघडल्यावर बघायला गेलो तर पार्किंगच्या कडेला दोर बांधलेला. पलीकडे पिल्लं दूध पिताहेत, एक नर ओरडतोय, आणि अलीकडे पार्कचे स्वयंसेवक परत कामावर: माणसांना मागे सरा, मागे सरा म्हणत.