हेझिटंट, रिलक्टंट, ॲम्बिव्हलंट: कुठे काय वापरायचं?

प्रश्न:
इंग्रजी मेलमध्ये 'तो तयार नाही', 'तिचं अजून ठरत नाही' असं लिहायची वेळ आली की हेझिटंट, रिलक्टंट, रेटिसंट, ॲम्बिव्हलंट यांत गोंधळ होतो. शब्दकोशात अर्थ बघावा तर सगळे सारखेच वाटतात. नेमका फरक काय? पुढे टू येतं की अबाउट?

उत्तर १:
घोडं कुठे अडलंय ते आधी बघा. इच्छाच नसेल तर रिलक्टंट. 'शी वॉज रिलक्टंट टू साइन' म्हणजे सही करणं तिच्या जिवावर आलं होतं; नंतर तिने केलीही असेल. हेझिटंट माणसाची इच्छा असूही शकते, तो थांबतो खात्री नसल्यामुळे. त्याला आणखी माहिती दिली तर तो हो म्हणेल. रिलक्टंट माणसाची मनधरणीच करावी लागते. मेलमध्ये हे दोन शब्द उलटसुलट झाले तर वाचणारा भलत्याच तयारीला लागतो.

रिलक्टंटपुढे टू आणि मूळ क्रियापद. हेझिटंटला दोन्ही चालतं: 'हेझिटंट टू कमिट', 'हेझिटंट अबाउट द प्लॅन'.

ॲम्बिव्हलंट म्हणजे हवंही आणि नकोही. पुढे अबाउट. 'मला काही फरक पडत नाही' या अर्थी तो वापरू नका, तिथे इनडिफरंट हवा.

उत्तर २:
रेटिसंट मुळात गप्प राहणाऱ्यासाठी आहे: 'रेटिसंट अबाउट हिज पास्ट'. 'रेटिसंट टू साइन' हल्ली सर्रास दिसतं, काही शब्दकोशांनी स्वीकारलंही आहे, तरी चोखंदळ वाचकाला ते खटकतं. मी तरी टाळायलाच सांगेन.

लोथ हाही उपयोगी शब्द: 'लोथ टू लीव्ह', निघायला अजिबात मन नाही. फक्त स्पेलिंग सांभाळा. शेवटी ई लागला की ते तिरस्कार करण्याचं क्रियापद होतं, आणि दोन्ही शब्द खरे असल्याने स्पेलचेक बहुधा काही बोलत नाही.

प्रश्नकर्ता:
खूप उपयोग झाला. आणि डाउट? 'तो उशीर करेल अशी शंका आहे' याला 'आय डाउट ही विल बी लेट' चालेल ना?

उत्तर १:
नाही, अर्थ उलटा होतो! त्या वाक्याचा अर्थ 'तो बहुधा उशीर करणार नाही'. मराठीत शंका दोन्हीकडे चालते. 'असं होईल' अशीही आणि 'होईल का?' अशीही. इंग्रजीत पहिलीला सस्पेक्ट, दुसरीला डाउट. तुमचं वाक्य 'आय सस्पेक्ट ही विल बी लेट' असं हवं.