घरासाठी कॉर्डलेस प्रेशर वॉशर घेऊ नका, असं माझं मत. पटत नसेल तर बोला

तापीकाठचा, जळगाव

मोबाईल उघडला की हल्ली एकच जाहिरात. हातात पिस्तुलासारखं यंत्र, त्याच्या बुडाला बॅटरी, नळी बादलीत सोडलेली, आणि फवारा फिरला की काळीकुट्ट फरशी पांढरीशुभ्र. दोन-अडीच हजारांत. गल्लीत एक-दोघांनी मागवलाय, आता पाहुणेही विचारू लागलेत. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकतो.

दाब आणि मिनिटाला पडणारं पाणी, या दोघांच्या गुणाकारावर यंत्राची ताकद ठरते. दाब मोजतात बारमध्ये. त्या बारला मिनिटाच्या लिटरने गुणा, मग १.६७ ने गुणा, वॉट हातात येतात. वायरवाल्यांतलं लहान मॉडेल घ्या, कार्चरचा के-२. कंपनीचे आकडे १४०० वॉट, जास्तीत जास्त ११० बार, तासाला ३६० लिटर. प्रत्यक्ष कामाचा दाब थोडा कमी धरला तरी पाण्यात सात-आठशे वॉट उतरतात. आता १८ व्होल्टचा चांगल्या कंपनीचा कॉर्डलेस घ्या. २०-२२ बार आणि मिनिटाला तीन लिटर, म्हणजे शंभर-एकशेदहा वॉट. सात-आठ पटींचा फरक झाला.

आणि हा फरक पुढच्या मॉडेलमध्ये भरून निघणार नाही. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२ वॉट-तास मावतात. तिला १४०० वॉटचं यंत्र लावलं तर तीन मिनिटांत बसेल. बॅटरी जरा वेळ तरी पुरवायची तर दाब कमी ठेवण्यावाचून कंपनीला गत्यंतर नाही.

आपल्याकडची घाण कोणती, हेही बघा. काळी माती! ओट्यावर, मोटरसायकलच्या मडगार्डात, ट्रॉलीच्या फाळक्याला लागून वाळली की २० बारच्या फवाऱ्याला दाद देत नाही. पण तीच माती दहा-पंधरा मिनिटं भिजवून ठेवली की आपोआप फुगते आणि सुटते, कारण तिच्यातल्या चिकणमातीचा तो स्वभावच आहे, पाणी पिऊन फुगायचं आणि वाळली की आकसून भेगा पाडायच्या. मग भिजवा आणि खराटा मारा. खराट्याला चार्जर लागत नाही.

शहाद्याची सून

दादा, गणित बरोबर असेल, पण तुलना कोणाशी करताय ते चुकलंय. तुम्ही ११० बारशी मोजताय, मी माझ्या नळाशी मोजते. गच्चीवरची टाकी अंगणातल्या नळापासून पाच मीटर उंच असेल तर नळाला दाब येतो अर्धा बार. दहा मीटर उंचीला एक बार, हे आठवी-नववीतलं. त्यात नळी जुनी, मध्ये दोन एल्बो. म्हणजे माझ्यासाठी २० बार हा चाळीस पट झाला.

दुसरं, वायरवाल्याला अंगणात सोळा अँपिअरचा प्लग पाहिजे. कोणाच्या अंगणात असतो हो? आमच्याकडे आहे तो स्वयंपाकघरात, गिझरसाठी काढलेला. तिथून एक्स्टेन्शन बोर्ड ओढायचा, तो ओल्या शहाबादी फरशीवरून न्यायचा आणि अनवाणी उभं राहून पाणी मारायचं. निम्म्या जुन्या घरांत अर्थिंगची पट्टी नावालाच पुरलेली असते, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी तर माहीतही नसतो. १८ व्होल्टला निदान ती धास्ती नाही.

तिसरं म्हणजे पाणी. नळाला रोज पाणी येणारं गाव खान्देशात किती? आलेलं पाणी ड्रममध्ये आणि हौदात. कॉर्डलेस ड्रममधून स्वतः ओढतो, मिनिटाला दोन-तीन लिटरच घेतो. नळी मोकळी सोडली तर एका मिनिटात बादली जाते.

आणि खराट्याबद्दल. खराटा पुरतो असं म्हणणाऱ्यांच्या घरी खराटा कोणाच्या हातात असतो, तेही लिहा. श्रावणात कानबाईच्या सणाआधी सगळं घर धुवायचं असतं. खिडक्यांच्या जाळ्या, सरकत्या खिडकीची खाच, जिन्याचे कठडे, कूलरच्या तिन्ही बाजू, तुळशीवृंदावनाच्या नक्षीत बसलेलं हळदकुंकू. वाकून वाकून कंबर जाते. खिडकीच्या खाचेतली धूळ ब्रशने निघत नाही, नुसती इकडची तिकडे होते. तिथे हा फवारा एका ओढीत काम करतो. काळ्या मातीचं तुमचं तुम्ही बघा, ट्रॉली मी धूत नाही.

धुळ्याचा भो

आरे भो, नळले पानी येत नही, मशीन कसाले लेतस? आधी टँकर बोलाव.

(गंमत हं ताई, ड्रमचा मुद्दा पटला.)

सेल-मास्तर, भुसावळ

माझं दुकान बॅटऱ्या दुरुस्तीचं. दोघांनाही एकच सांगायचंय, की तुम्ही ज्या ‘१८ व्होल्ट, २० बार’ कॉर्डलेसवर भांडताय तो वेगळा, आणि जाहिरातीतला दोन हजारांचा वेगळा. टेबलावर येतो तो दुसराच.

त्याच्या खोक्यावर ठसठशीत ‘४८ व्होल्ट’ छापलेलं असतं. कधी ‘८८ व्हीएफ’. हे व्हीएफ म्हणजे काय ते छापणाऱ्यालाच ठाऊक, विजेच्या मापात असं एकक नाही. बॅटरीचे चार स्क्रू काढा. आत १८६५० मापाचे पाच सेल एका ओळीत जोडलेले. एक सेल ३.७ व्होल्ट, पाचांचे झाले १८.५. पूर्ण चार्ज झाल्यावर एक सेल ४.२ वर जातो, पाचांचे २१. स्क्रू काढायचे नसतील तर चार्जर उलटा करून आउटपुट वाचा. तिथे २१ लिहिलेलं असतं. खोक्यावर ४८ आणि चार्जरवर २१!

सेल १५०० मिलिअँपिअर-तासाचा निघाला तर पॅकमध्ये जेमतेम २८ वॉट-तास. २००० मिलिअँपिअर-तासाचा निघाला तर ३७. दीडशे वॉट ओढणारा पंप त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणार, आणि शेवटची काही मिनिटं फवारा नुसता लोंबत पडणार. पाचही सेल सारखे चार्ज ठेवायची, म्हणजे बॅलन्सिंगची, सोय बऱ्याच पॅकमध्ये नसते, एक सेल आधी बसतो आणि सगळा पॅक मेला असं वाटतं. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खराब. मशीन ठणठणीत असतं.

उन्हाळ्याचंही ऐका. लिथियम-आयन सेल शून्य ते ४५ अंशांतच चार्ज करावा, असा सर्वसाधारण नियम. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. दुपारी गच्चीवर काम करून तापलेली बॅटरी तशीच चार्जरला लावली की तिचं आयुष्य गेलंच समजा. रात्री लावा, तीही घरातल्या फरशीवर.

केळीवाला, यावल

एवढी चर्चा चाललीय आणि एचटीपीचं नाव कोणीच काढलं नाही? ज्याच्याकडे बाग आहे त्याच्याकडे एचटीपी, म्हणजे फवारणीचा मोठा पंप, असतोच. दोन-तीन एचपीची मोटर नाहीतर इंजिन, तीन पिस्टन, लांबच लांब पाईप. दाब कॉर्डलेसपेक्षा जास्त, आणि पाणी मिनिटाला वीसेक लिटर. ट्रॅक्टर, ट्रॉली, गोठा, कंपाउंडची भिंत, सगळं त्यानेच. गावातली निम्मी वॉशिंग सेंटरं त्याच्यावरच उभी राहिली. घरात असलेलं सोडून खेळणं कशाला घ्यायचं?

केळीच्या चिकाचे डाग मात्र कशानेच जात नाहीत, ना एचटीपीने ना तुमच्या के-२ ने. ते पाण्याचं काम नाही. ज्याने कापणीच्या दिवशी पांढरा शर्ट घातलाय त्याला विचारा.

कपाशी-मका, चोपडा

एचटीपी किंवा पाठीवरच्या बॅटरी पंपाने घर धुणाऱ्यांना हात जोडून विनंती. त्या टाकीत याआधी काय होतं ते आठवा. मक्यात २,४-डी हे तणनाशक मारलं असेल तर ते पंपाच्या रबरात आणि पाईपात मुरून राहतं, दोन वेळा साध्या पाण्याने खळखळून निघत नाही. कपाशी त्याला इतकी हळवी की अंशभर गेलं तरी पानं भेंडीच्या पानासारखी निमुळती होतात. टमाट्याचंही तेच. अंगण धुतलेलं पाणी परसातल्या वाफ्यात जातं आणि मग लोक बियाण्याला शिव्या देतात. कीटकनाशकाचा पंप असेल तर आणखीच वाईट, अंगणात लेकरं रांगतात. तणनाशकाचा पंप तणनाशकालाच ठेवा. घरासाठी लहानसा का होईना, वेगळा पंप असलेला बरा. या एका कारणासाठी मी कॉर्डलेसच्या बाजूने.

तापीकाठचा, जळगाव

ताई, प्लगचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय वायरमन बोलावून अंगणात झाकणाचा प्लग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यायचा आहे. तो खर्च एकदाच आणि तो घरालाही वाचवतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी टाकायचीच, आणि त्या कंपनीची नेमकी तीच बॅटरी तोवर बाजारात असेल याची हमी कोण देणार?

शिवाय वापर किती? दिवाळी, आखाजी (अक्षय तृतीया), कानबाई. मधल्या महिन्यांत तो माळ्यावर पडून. लिथियम बॅटरी रिकामी ठेवून विसरली की ती उठत नाही. वायरवाला सहा महिने पडून राहिला तरी चालू होतो. नाहीतर वॉशिंग सेंटरवाल्याला एक दिवस घरी बोलावा. शेवाळलेली गच्ची तर कॉर्डलेसच्या बापाच्याने होणार नाही.

गच्चीवर सोलर, साक्री

शेवाळाबद्दल बरोबर. पण जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं, हे गृहीत धरू नका. घरातल्या बऱ्याच वस्तूंना तुमचे ११० बार नकोच आहेत.

आमच्या तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, त्यामुळे पॅनल आम्हाला नवे नाहीत. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान, तेव्हापासून घराघरांवर चढलेत. आणि लोक ते वॉशिंग सेंटरच्या गनने धुतात! काच फुटत नाही म्हणून खूश. पण कडेचं सील आणि मागची जंक्शन बॉक्स त्या दाबासाठी बनवलेली नसते, आतल्या सेलला केसासारख्या चिरा गेल्या तर डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि वॉरंटीच्या कागदात उच्च दाब चालणार नाही असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. कॉर्डलेस, पसरट फवारा, हातभर लांबून, सकाळी पॅनल गार असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बोअरचं पाणी असेल तर नंतर वायपर ओढा, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके धुळीपेक्षा वाईट.

एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पात्या जोरात मारलं की वाकतात. कूलरच्या मधाच्या पोळ्यासारख्या पॅडचा पुठ्ठा फाटतो. मोटरसायकलच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून ग्रीस धुऊन निघतं. जुन्या घराच्या भिंतीतले चुन्याचे सांधे मोकळे होतात. गावाकडे मातीचं धाब्याचं घर असेल तर त्याच्या भिंतीजवळ वायरवाला नेऊच नका.

एक दोष मात्र सांगतो. बोअरच्या पाण्याने नोझलचं बारीक भोक वरचेवर बुजतं. नळीच्या टोकाची जाळी फेकून देऊ नका, आणि काम झालं की नोझल लिंबूसत्वाच्या पाण्यात घालून ठेवा.

शहाद्याची सून

तापीकाठचे दादा, वापर कमी हे कोणी सांगितलं? तुमच्या घरी दिवाळीला निघत असेल. आमच्याकडे एप्रिल ते जून कूलर, एका महिन्यात पॅडवर क्षाराचा थर बसतो. मग श्रावणापर्यंत चिखलाच्या चपला, सायकली, लेकरांचे बूट. मग धूळ. वायरवाला काढा, पाईप जोडा, प्लग शोधा, पाणी सोडा, हवा काढा, यातच पंधरा मिनिटं जातात, म्हणून तो माळ्यावर राहतो. हा दाराच्या मागे टांगलेला असतो.

वॉशिंग सेंटरवाल्याला घरी बोलावून तुळशीवृंदावन धुवून घेऊ का?

नवीन घर, अमळनेर

सगळं वाचून डोकं गरगरलं. दोन खोल्या, पुढे ओटा, एक स्कूटर, एक कूलर. गच्चीवर जायला जिना पण नाही. घेऊ की नको?

तापीकाठचा, जळगाव

नको. कडक ब्रश, चांगल्या प्रतीची अर्धा इंची नळी आणि तोंडाला पितळी नोझल. पाचशे-सहाशेत काम भागतं.

शहाद्याची सून

घ्या. पण १८ व्होल्टचा, सर्व्हिस सेंटर तालुक्याला नाही तर निदान जिल्ह्याला असलेला. आणि घरात त्याच कंपनीचं बॅटरीवरचं ड्रिल मशीन असेल तर नुसतं धड घ्या, बॅटरी तीच बसते. पैसे तिथेच वाचतात.

सेल-मास्तर, भुसावळ

ताईंचं शेवटचं वाक्य कोरून ठेवा. आणि जाहिरातीतलाच घ्यायचा हट्ट असेल तर विकणाऱ्याला आधी चार्जरचा फोटो मागा. फोटो पाठवायला जो कां-कू करेल, त्याच्याकडून घेऊ नका.

धुळ्याचा भो

मास्तर, मना पाहुणानी घीसन ठेयेल शे. चार्जरवर २१ च शे. आते काय करू?

सेल-मास्तर, भुसावळ

कूलर धुवा. तेवढ्याला पुरतो.